बारावं नाव

मतांच्या चिठ्ठ्या फादर्स डेला जाळायच्या, असं मुलांच्या बेसबॉल लीगच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो एमेरिक लुकाचच्या शेगडीचा नियम होता. शनिवारी संध्याकाळी मैदानावरच्या खाऊच्या खिडकीवर निवडक संघातल्या बारा मुलांची यादी लागायची. रविवारी दुपारी लुकाचांच्या अंगणात कोळसे पेटायचे आणि त्यांच्याखाली पाच प्रशिक्षकांच्या पाच पिवळ्या चिठ्ठ्या जायच्या. वर सॉसेज. छत्तीस वर्षांत कुणी कुणाला मत दिलं ते गावाला कळलं नव्हतं. सॉसेजची चव मात्र निकालाप्रमाणे बदलते, असं त्यांचा जावई ग्लेन दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी स्वतःच हसायचा.

यंदा तो काहीच म्हणाला नाही. गाडी लावली, उतरला आणि थेट गॅरेजकडे घड्या घातलेल्या खुर्च्या आणायला गेला. खुर्च्या कुणी मागितल्या नव्हत्या.

रेनाटा बीटच्या रसात मुरवलेल्या अंड्यांची बरणी घेऊन उतरली. एरवी ती बरणी कमरेवर टेकवून आणायची. आज दोन्ही हातांनी पुढे धरली होती, कोर्टात पुरावा आणावा तशी.

"जोसी, मामाला हॅलो म्हण," ती मुलीला म्हणाली.

"म्हणायलाच हवं का?"

"म्हण. काय उत्तर देतो ते मला बघायचंय."

जोसी बारा वर्षांची होती. पाच हंगाम कॅचर म्हणून फलंदाजामागे उकिडवी बसून तिच्या गुडघ्यांना म्हाताऱ्या बाईसारखा आवाज यायला लागला होता. यंदाच्या एकोणीस सामन्यांत दुसऱ्या बेसकडे चोरून पळणाऱ्या चौदा जणांना तिने बाद केलं होतं. लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही कॅचरने पाचाच्या वर केलं नव्हतं. काल खिडकीवरची यादी तिने वरून खाली तीनदा वाचली आणि एकदा खालून वर. खालचं पहिलंच नाव कोल्बी लुकाच होतं. तिचा मामेभाऊ. त्याचा बाप डेरेक हा निवडक संघाचा मुख्य प्रशिक्षक. पुढच्या वर्षी जोसी तेराची होणार, म्हणजे या मैदानासाठी मोठी. हा तिचा शेवटचा उन्हाळा होता आणि तो कालच संपला होता.

निवडीची पद्धत गावातल्या कुत्र्यांनाही पाठ होती. पाच संघ, पाच प्रशिक्षक. सगळे कुणाचे ना कुणाचे बाप. प्रत्येकाने बारा नावं लिहायची, स्वतःच्या मुलाचं लिहायचं नाही. सर्वांत जास्त मतांची अकरा मुलं आत. बारावं नाव मुख्य प्रशिक्षकाने एकट्याने निवडायचं. कारण द्यायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही. त्या बाराव्या जागेला गाव 'बापाची खुर्ची' म्हणायचं. डेरेक त्या पाचांतला एक होता. ग्लेनही.

स्वयंपाकघरात डोलोरेस कोबी आणि नूडल्स लोण्यात परतत होती. तिच्या पाठीमागे फ्रिजवर बिस्किटांचा निळा डबा होता. रेनाटाने बरणी ठेवली आणि आईकडे न बघता डब्याकडे बघितलं.

"यातच आहेत?"

"बिस्किटं? नाहीत. संपली."

"मा."

"फार बारीक नको चिरू कांदा," डोलोरेस म्हणाली. रेनाटाने अजून सुरीला हातही लावला नव्हता. "आणि तो प्रश्न मला विचारू नकोस. मी मतं मोजते. मोजलेलं मी पोटात ठेवते."

"छत्तीस वर्षं ठेवतेयस. दुखत नाही पोट?"

"गोळ्या घेते."

"मला फक्त एक सांग. डेरेकने जोसीला लिहिलं की नाही? हो किंवा नाही."

डोलोरेसने कोबी उलटवली. "तुझ्या बापाला विचार कोळसे कितपत आलेत ते."

रेनाटाला उत्तर मिळालं, असं रेनाटाला वाटलं. १९९१ साली याच स्वयंपाकघरात तिने असंच काहीतरी विचारलं होतं. तेव्हा ती बाराची होती, डेरेक अकराचा आणि मुख्य प्रशिक्षक होते पॉप, म्हणजे एमेरिक. तिचा चेंडू डेरेकपेक्षा दुप्पट वेगाने जायचा, हे डेरेकही कबूल करायचा. बापाच्या खुर्चीत डेरेक बसला. रेनाटाने तो उन्हाळा खाऊच्या खिडकीत हॉट डॉगवर मोहरी घालण्यात काढला. अजून तिच्याकडे कुणी मोहरीची बाटली मागितली की ती आधी माणसाचा चेहरा बघते.

*

अंगणात डेरेक बापाच्या शेजारी उभा होता. शेगडी पेटवायचा मान एमेरिकचा. वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने सोयीपुरतं येतं. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून त्याच्या हाताखाली एवढी एकच आग उरली होती आणि तिच्यावर तो कुणाला हुकूम चालवू देत नसे.

"पॉप, अजून जरा वारा घाल."

"तू प्रशिक्षक मैदानावर."

डेरेकने गॅरेजकडे बघितलं. ग्लेन एक खुर्ची उघडत होता, मिटत होता, परत उघडत होता. काल संध्याकाळपासून मेहुण्याने त्याच्या नजरेला नजर दिली नव्हती. आता हे साहजिक होतं. मुलगी यादीत नाही म्हटल्यावर बाप बघणार कशाला? पण डेरेकला त्यात आणखी काहीतरी दिसत होतं. पंधरा वर्षं मुलांच्या खांद्यांवरून कोण आता पळणार हे ओळखत आलेला माणूस तो. ग्लेनच्या खांद्यांना पळायचं होतं.

"हॅपी फादर्स डे," ग्लेन खुर्ची घेऊन येत म्हणाला.

"तुलाही."

"मैदान ओलं आहे म्हणे."

"मैदान कोरडं आहे, ग्लेन. तीन आठवडे पाऊस नाही."

"हो का," ग्लेन म्हणाला आणि खुर्ची गवतात रोवली. तो शाळेत गणित शिकवायचा. एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की जसा चेहरा करायचा, तसाच आत्ता होता. फक्त समोर मूल नव्हतं.

कुंपणाशी जोसी आणि कोल्बी चेंडू फेकत होते. मामाला हॅलो म्हणायचं राहूनच गेलं होतं. दोघांचं एकमेकांशी काही वाकडं नव्हतं. ते काम मोठ्यांकडे होतं.

डेरेकची बायको शॉना बटाट्याचं सॅलड घेऊन आली. भांडं टेबलावर ठेवता ठेवता आपल्याच नवऱ्याला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "कोल्बीला बाराव्यावर घालावं लागलं. तुझा मुलगा, आणि मतांवर आत जात नाही. लोक काय म्हणतायत माहितेय? बापाची खुर्ची! मला जाणून घ्यायचंय, कुणी लिहिलं नाही माझ्या मुलाला."

दारातून बाहेर येणाऱ्या रेनाटाचे पाय थांबले. अठरा वर्षांत या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, हवामानावरसुद्धा नाही.

"मलाही जाणून घ्यायचंय," रेनाटा म्हणाली. "माझ्या मुलीला कुणी लिहिलं नाही ते."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग दोघींनी स्वयंपाकघराकडे.

"ए, नाही हं," डेरेक म्हणाला. "गुप्त मतदान आहे ते."

"तुझं काही लपवण्यासारखं आहे?" रेनाटा म्हणाली.

"नाहीये!"

"मग झालं तर," शॉना म्हणाली आणि आत गेली. उंचीने ती घरात सगळ्यांत जास्त. फ्रिजवरचा डबा काढायला तिला स्टूल लागलं नाही.

*

डबा टेबलावर आला तेव्हा एमेरिक काडी पेटवायच्या बेतात होता.

"दे इकडे," तो म्हणाला.

"पाच मिनिटं, पॉप," रेनाटा म्हणाली.

"काय?"

"पाच मिनिटं!"

"काडी विझेल."

"दुसरी पेटवू."

डोलोरेस कोबीचं भांडं घेऊन बाहेर आली, टेबलावर उघडा डबा बघितला, भांडं ठेवलं आणि खुर्चीत बसली. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मी आत्तापर्यंत एकच काम गुपचूप करत आले. आता तुमचं तुम्ही बघा. कोबी गार होतेय."

चिठ्ठ्यांवर सह्या नव्हत्या. त्याची गरजही नव्हती. डेरेक सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचा, पाटीवर रंगवल्यासारखं. ग्लेन आकड्यांभोवती गोल काढायचा, अक्षरं डावीकडे कललेली. बाकीच्या तिघांची अक्षरं ओळखायची कुणाला गरज वाटली नाही.

रेनाटाने मोठ्या अक्षरांची चिठ्ठी उचलली. ती वाचायच्या आधीच तिचा चेहरा तयार होता. तेहतीस वर्षांपासून तयार होता.

पहिलं नाव: जोसी.

तिने चिठ्ठी उलटी करून बघितली. मागे काही नव्हतं. परत सुलटी केली. पहिलं नाव जोसीच होतं.

"हे तू कधी लिहिलंस?"

"शुक्रवारी. सगळ्यांनी लिहिलं तेव्हा."

"नंतर बदलून ठेवलं नसशील कशावरून?"

"रेनाटा," डोलोरेस म्हणाली. "दोन्ही रात्री तो डबा माझ्या उशाशी होता."

तोवर शॉनाने गोलवाली चिठ्ठी शोधली होती. तिने ती बोट फिरवत वाचली. एक ते बारा. मग बारा ते एक. "ग्लेन," ती गोड आवाजात म्हणाली. शॉनाचा आवाज गोड झाला की कोल्बी घरात आपल्या खोलीत जायचा. "यात माझा मुलगा नाहीये."

ग्लेनने टेबलावरचा काटा उचलून सरळ ठेवला. "नाही."

"विसरलास?"

"नाही."

"तू मान हलवली होतीस," डेरेक म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "गेल्या मंगळवारी, मैदानाच्या जाळीशी. मी म्हटलं, तू माझ्याला लिही, मी तुझीला लिहितो. तू मान हलवलीस."

"तू बोलत होतास, म्हणून हलवली."

"म्हणजे?"

"माणूस बोलत असला की मी मान हलवतो, डेरेक. शिक्षक आहे मी." ग्लेनने चष्मा काढला. "कोल्बी चांगला मुलगा आहे. पण बाहेरच्या बाजूचा चेंडू त्याला लागत नाही. पहिल्या बेसवर त्याच्यापेक्षा बरी तीन मुलं आहेत. मला बारा जण लिहायचे होते. मी लीगमधले चांगले बारा लिहिले. बास. दुसरं काही नाही."

"किती सज्जन," शॉना म्हणाली. "ऐक गं रेनाटा, तुझा नवरा किती सज्जन आहे."

सकाळपासून रेनाटाने भावावर रोखून ठेवलेलं सगळं हातात तसंच होतं आणि आता ते कुठे ठेवायचं ते तिला कळत नव्हतं. ग्लेनने तिलाही सांगितलं नव्हतं. काल रात्री ती डेरेकला शिव्या घालत होती तेव्हा तो शेजारी पडून छताकडे बघत होता. मान हलवत होता.

"पण मग बारावं नाव तर तुझ्याच हातात होतं," ती शेवटी डेरेकला म्हणाली. "एक मत देऊन मोठा झालास, आणि खुर्चीत बसवलंस आपल्याच मुलाला. त्याचं काय?"

डेरेकने आईकडे बघितलं. डोलोरेसने उसासा टाकला, पर्स उघडली आणि घडी घातलेला कागद काढला. मूळ यादी. उद्या सकाळी नऊला जिल्ह्याच्या कचेरीत द्यायची. खिडकीवर लागली होती ती हिचीच नक्कल.

"उन्हात धर," ती म्हणाली.

रेनाटाने कागद उन्हात धरला. बाराव्या ओळीवर 'कोल्बी लुकाच' लिहिलं होतं. त्याच्याखाली, खोडरबराने घासून पातळ झालेल्या जागेत, आईच्या गोल अक्षरांत दुसरं नाव दिसत होतं.

"शुक्रवारी मतं मोजायच्या आधीच तो मला म्हणाला, बारावं लिहून टाक, जोसी," डोलोरेस म्हणाली. "बाकीच्या तिघांनाही हे माहीत होतं. म्हणून त्यांनी तिला मत दिलं नाही. त्यांचं म्हणणं, भाची तुझी, खुर्ची तुझी, आम्ही कशाला मत घालवू. मी लिहिलं. मग मोजायला बसले. कोल्बीला दोन मतं पडली. अकराव्या जागेवर प्रेस्कॉटांच्या मुलालाही दोन. बरोबरी झाली की फलंदाजीची सरासरी बघायची, हजारात किती फटके ते. त्या मुलाची दोनशे एकसष्ट, कोल्बीची दोनशे सत्तावन्न. कोल्बी बाहेर. डेरेकला फोनवर कळवलं, तो म्हणाला, खोड."

"एक मत," शॉना म्हणाली. "एक मत आणखी असतं तर तो मतांवर आत होता. आणि खुर्ची जोसीची."

ते एक मत कुणाचं, हे कुणी म्हणालं नाही. ग्लेनने चष्मा पुसायला घेतला.

"किंवा एक फटका," शॉना पुढे म्हणाली आणि सासूकडे वळली. "मे महिन्यात, डोलोरेस. कोल्बीने मारलेला चेंडू त्या पोराच्या पायांमधून गेला. सगळं मैदान म्हणालं फटका. तुम्ही वहीत लिहिलंत, क्षेत्ररक्षकाची चूक. तो फटका धरला असता तर दोनशे शहाऐंशी झाले असते. मी काढलेत आकडे."

छत्तीस वर्षं गुणवही डोलोरेसकडे होती. प्रत्येक सामन्याला तीच हिरव्या कव्हरची वही, तीच दोन पेन्सिली. आपला मुलगा खेळला, मुलगी खेळली, नातवंडं खेळली. वहीत कुणाला आडनाव नव्हतं. तो चेंडू तिला अजून डोळ्यांसमोर दिसत होता. हळू आला होता. त्या पोराने हातमोजा खाली टेकवला असता तर अडला असता. शुक्रवारी मतं मोजून झाल्यावर तिने ते पान काढलं होतं. पेन्सिल जवळच होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली होती. मग वही मिटून तिने यादीतलं नाव खोडलं.

"चूक होती," डोलोरेस म्हणाली. "त्या पोराची."

"झालं," एमेरिक म्हणाला. कोण जाणे, किती ऐकलं होतं. त्याने हात पुढे केला.

"थांब, पॉप." रेनाटाने कागद डेरेकसमोर ठेवला आणि आईच्या पर्समधली पेन्सिल वर. "आता तर सगळ्यांना माहितेय. उद्या नऊपर्यंत वेळ आहे. खोड आणि परत लिही."

डेरेकने पेन्सिल उचलली. टेबलावर कुणी जेवत नव्हतं. कुंपणाशी कोल्बीने वाकडा चेंडू फेकला, जोसीने गवतावर पालथं पडून तो पकडला, आणि कोल्बी ओरडला, "काय पकडलास गं!" काल खिडकीपाशी यादी वाचून तोच कोल्बी बापाच्या गळ्यात पडला होता. आपण मतांवर आलो की बापावर, हे त्याने विचारलं नव्हतं.

"त्याला काय सांगू?" डेरेकने विचारलं. तो खरंच विचारत होता.

"मला १९९१ साली काय सांगितलं होतं?" रेनाटा म्हणाली.

"मुख्य प्रशिक्षकाला कारण द्यावं लागत नाही," एमेरिक उजवा कान वळवत म्हणाला. "हे सांगितलं होतं."

डेरेकने पेन्सिल खाली ठेवली. फार हळू ठेवली, आवाज होऊ नये म्हणून. "नाही जमणार, रेनी," तो म्हणाला. "माझ्या हातून नाही जमणार."

तिने मान हलवली. डोलोरेसने कागदाची घडी घातली. एमेरिकने पाचही चिठ्ठ्या कोळशांखाली सरकवल्या आणि दुसरी काडी ओढली. सॉसेज त्या दिवशी फार छान झाले होते. ते कुणी बोलून दाखवलं नाही.

*

परतताना ग्लेन गाडी चालवत होता. सहा वाजून गेले होते, तरी ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. गाडीने नदीवरचा पूल ओलांडला. रेनाटा खिडकीबाहेर बघत होती. नवऱ्यावर संशय घेण्याची तिला सवय नव्हती. ती करून घ्यावी लागणार होती.

"डेरेकमामाने मला पहिलं लिहिलं होतं," मागून जोसी म्हणाली. "कोल्बी म्हणाला. कसं कळलं ते विचारू नका, तुम्ही अंगणातच ओरडत होता."

"हो," ग्लेन म्हणाला.

"आणि तू कोल्बीला लिहिलं नाहीस."

"नाही लिहिलं." ग्लेनने आरशात बघितलं. हे बोलणं तो दुपारपासून मनात तयार करत होता, फळ्यावर एकेक पायरी मांडावी तसं. "मला लबाडी करायची नव्हती, जोसी. जो चांगला खेळतो त्याचं नाव लिहायचं. तू कॅचर आहेस, तूच सांग. कोल्बीला बाहेरचा चेंडू खेळता येतो?"

"नाही."

"त्या बारांत त्याचं नाव बसतं?"

जोसीने विचार केला. तिच्या मांडीवर हातमोजा होता. त्याच्या खोबणीत ती बोटाने माती खरवडत होती.

"नाही बसत."

ग्लेनने श्वास सोडला. "मग? माझ्या जागी तू असतीस तर लिहिलं असतंस?"

"हो," जोसी म्हणाली.

"का?"

"मला खेळायचं होतं, डॅड."